तो फोन मी करणार नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, मलाही नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. दारू पिऊन बाइक चालवताना तू पकडला गेलास, तर माझ्या ओळखीतून आरटीओत शब्द टाकावा आणि लायसनचं प्रकरण पुढे जायच्या आधीच मिटवावं, असं तुझं म्हणणं. तो फोन मी करणार नाही. हे रागाने लिहीत नाही. तू धडधाकट आहेस आणि तुझ्या गाडीखाली कुणी आलं नाही, हे ऐकून मी देवापुढे दिवा लावला.

मे २०२४ मध्ये तुझ्याच ऑफिसच्या भागात, कल्याणीनगरात, दोन तरुण इंजिनिअर रात्री मोटारीखाली गेले. तुझ्याच वयाची पोरं. पुढे मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली त्याचे आईवडील आणि ससून रुग्णालयाचे डॉक्टर अटकेत गेले. तुझ्या हातून तसं काही घडलेलं नाही, हे मला कळतं. पण पोराला सोडवायच्या नादात आईबाप कुठवर वाहवत जाऊ शकतात, हे पेपरात वाचताना मी हादरलो होतो. म्हणून पहिलं पाऊलच टाकायचं नाही, असं ठरवलंय.

‘फार घेतली नव्हती, मी एकदम ठीक होतो,’ असं तू दोनदा म्हणालास. मी खरंच मानतो की तुला तसं वाटलं असेल. पण दारू आधी अंदाज घालवते, पाय मागाहून लटपटतात. म्हणून ज्याने घेतली, त्यालाच ते सगळ्यात उशिरा कळतं. एसटीच्या रात्रीच्या गाडीवर घाटात असे ‘ठीक’ दुचाकीवाले समोरून येताना मी पाहिलेत. वळण कुठे संपतं, तेच त्यांना दिसत नसे. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही ती लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं.

कायद्याने हद्द १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा कैद २ वर्षांपर्यंत, दंड १५,०००, किंवा दोन्ही. दंड भरला की सुटलास, असं मित्र सांगतायत ना, तसं नाही. गुन्हा शाबीत झाला तर कलम २० प्रमाणे कोर्टाला किमान ६ महिने तुझं गाडी चालवणं बंद करावंच लागतं. आरटीओची कारवाई वेगळी चालते. पोलीस लायसन तिकडे पाठवतात आणि निलंबनाआधी तुझं म्हणणं ऐकलं जातं. नोटीस आली की स्वतः जा. एजंट पाठवू नकोस. वकील जरूर कर, तो तुझा हक्क आहे.

आणि ते ‘लायसन हरवलं म्हणून डुप्लिकेट काढू’ हे डोक्यातून पूर्ण काढून टाक. बंदी असताना गाडी चालवली किंवा बंदी लपवून लायसन काढलं, तर कलम १८२ लागतं. त्यालाही ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. आता नोंदी ऑनलाइन असतात, लपत काही नाही. निलंबनानंतर लायसन परत घ्यायचं तर ड्रायव्हिंगचं उजळणी प्रशिक्षण घ्यायची तरतूद कायद्यात आहे. मनापासून कर. ज्या लायसनवर आपलं घर चाललं, तुझं शिक्षण झालं, त्याची किंमत तुला मी वेगळी सांगायला नको.

वनाजहून कल्याणीनगरला मेट्रो थेट जाते, तेव्हा ऑफिसचं अडणार नाही. बाइकची चावी घरमालकांकडे ठेव. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, पाऊस आला किंवा उशीर झाला की मन पटकन ‘आजच्या दिवस’ म्हणतं, म्हणून.

कोर्टाची तारीख कळली की लगेच कळव, मी येईन आणि तुझ्या शेजारी उभा राहीन. पैशाची काळजी करू नकोस, दंडाचे मी देईन, ते तू हप्त्याने फेडायचे. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, या आठवड्यातच.

तुझे,
आप्पा