हृदयाच्या ऑपरेशननंतरचं मराठीत कोण सांगणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली माणसं डिस्चार्ज कार्ड घेऊन काउंटरशी येतात. (योजनेचं जुनं नाव जीवनदायी, म्हणून ‘जीवनदायीत झालं’ असंच अजून सांगतात.) योजनेमुळे यांची जमीन, दागिने वाचले, हे मी डोळ्यांनी बघतो. माझं म्हणणं आहे ते त्या कार्डाबद्दल.

कार्ड इंग्रजीत. गोळ्यांची नावं, पुढे ‘१-०-१’ आणि तळाशी ‘सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट’. घरी त्याचा अर्थ होतो, ताटात वरून मीठ घ्यायचं नाही. पापड, लोणचं, फरसाण चालूच. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर असते, ती रक्त पातळ करायची गोळी. हिरडीतून रक्त आलं, दात काढायचा निघाला किंवा नुसतं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती परस्पर बंद होते. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेली बारीक जाळी, नवा असताना ही गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पण सह्या, फाइल आणि गावाकडची गाडी या गडबडीत डोक्यात काय राहणार? बायपासनंतर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. पेरणी तोंडावर आली की तोच माणूस ४५ किलोचं युरियाचं पोतं उचलायला निघतो.

मोबाईल मात्र गप्प बसत नाही. लसूण-आलं-लिंबाच्या रसाने ब्लॉकेज विरघळतात, झटका आला की जोरजोरात खोकावं, हे सगळं अस्सल मराठीत घरोघरी पोचतं. खरी माहिती इंग्रजीत आणि थाप मायबोलीत, अशी वाटणी झाली आहे.

साहेब, शासनाने मराठीत तीन-चार मिनिटांचे व्हिडिओ करावेत आणि त्यांचा क्यूआर कोड डिस्चार्ज कार्डावरच छापावा. स्टेंटवाल्याला वेगळे, बायपासवाल्याला वेगळे, झडप बदललेल्याला वेगळे. जे.जे. रुग्णालय किंवा नागपूरच्या सुपर स्पेशालिटीतल्या हृदयरोग विभागाकडून ते तपासून घ्यावेत. ती रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, ठाऊक आहे. दोन खात्यांनी एकदा एकत्र चहा घ्यावा, एवढंच.

यात एक गोष्ट जरूर असावी. दुकानात गर्दी ओसरेपर्यंत थांबून, आवाज खाली आणून विचारतात, ‘संसाराचं पुढं कसं?’ बायका तर तेवढंही विचारत नाहीत. दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील तर बहुतेकांना शरीरसंबंधाला हरकत नसते. मात्र छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ‘ताकदीची’ (व्हायग्रासारखी) गोळी घेतली तर बीपी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. असल्या गोष्टी माणूस चारचौघांत नाही, एकट्याने मोबाईलवर ऐकतो. तसंच सॉर्बिट्रेट बसूनच घ्यायची, पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन लावायचा, हे घरातल्या पोरासोरांनाही कळलं पाहिजे.

नवं ॲप मात्र काढू नका. पासवर्ड आणि ओटीपीतच लोक अडकतात. बऱ्याच रुग्णांकडे साधा बटणांचा फोन असतो. व्हिडिओ बघणार ती सून किंवा मुलगा, तेव्हा त्यांच्याशीही बोला. भाषा जाहिरातीतली नको, ओपीडीतली सिस्टर बोलते तशी हवी.

व्हिडिओ संकेतस्थळावर टाकून विषय संपवू नये, ही शेवटची विनंती. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करायला योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतोच. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी त्याने खाटेशी यावं, नातेवाइकाच्याच फोनवर पहिला व्हिडिओ लावून दाखवावा, आणि रक्त पातळ करायची गोळी कोणती ते रुग्णाला पाकिटावर बोट ठेवून सांगायला लावावं. तसा आदेश काढायला फार वेळ लागू नये.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक औषधविक्रेता