आझाद मैदानावरच्या माळीकाकांना

ती. माळीकाकांस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला पत्र लिहायला घेतलं आणि पत्ता काय घालायचा इथेच अडले. मैदानावरच्या क्लबच्या टेंटवर टपाल येत नाही हे तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं आणि क्लबचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण निघताना तुम्ही म्हणालात, "नाव कशाला? सेक्रेटरी विचारील, मॅचच्या दिवशी पाहुणचार कोणाचा चालला होता." मैदानावरचे लोक ओळखायचे ते ओळखतीलच.

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नोकरी सांभाळून वीसेक वर्षं मुंबईत अंपायरिंग केलं. शाळांच्या मॅचेस, ऑफिसच्या मॅचेस, पण खरा जीव कांगा लीगवर. 1948 साली डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने सुरू झालेली, मुद्दाम भर पावसाळ्यात खेळायची ही लीग. पिच झाकायचं नाही, गवत पोटरीपर्यंत, टप्पा पडला की चेंडू कधी छातीवर तर कधी घोट्याशी. अप्पा म्हणतात, मुंबईचा बॅट्समन मऊ हातांनी खेळायला इथेच शिकला. आझाद मैदान म्हटलं की लोक त्यांना हमखास 1988 विचारतात. सचिन आणि कांबळीची शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेतली 664 ची भागीदारी झाली तेव्हा अंपायर तुम्ही होतात का? अप्पांचं ठरलेलं उत्तर, "मी हापिसात होतो. कोणीतरी काम करायला नको?"

गेली काही वर्षं त्यांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. 2025 च्या मार्चमध्ये मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले, ती बातमी त्यांनी डायलिसिसच्या बेडवरच वाचली. 589 फर्स्ट क्लास बळी घेऊनही ज्याला इंडिया कॅप मिळाली नाही असा तो माणूस. ज्या टोकाकडून शिवलकर टाकत होते त्या टोकाला आपण उभे होतो, हा अप्पांच्या आयुष्यातला मोठा ऐवज. त्या दिवसापासून त्यांनी एकच लावून धरलं होतं, यंदा एक कांगा मॅच बघायची. टीव्हीवर नाही, मैदानात बसून.

डॉक्टरांनी हो म्हटलं, पण अटी घालून. आदल्या दिवशीचं डायलिसिस चुकवायचं नाही, पाणी मोजून, शहाळं अजिबात नको, आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायच्या, डाव्या हातावर ताण नको. शनिवारचं डायलिसिस झालं की रविवारची सकाळ त्यांची त्यातल्या त्यात बरी जाते, आणि कांगाच्या मॅचेस रविवारीच. एवढं जमून आलं, पण रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉकही आला. डोंबिवलीहून टॅक्सी केली. दादाच्या ऑफिसातल्या एकाने तुमचा नंबर दिला होता. दादाने फोनवर विचारलं, व्हीलचेअर आत येईल का? तुम्ही एवढंच म्हणालात, "पाऊस किती पडतो त्याच्यावर आहे. तुम्ही या तर खरं, मी बघतो."

फाटकाशी हवालदारांनी विचारलं, "कुठल्या आंदोलनाचे?" मैदानाचा एक कोपरा मोर्चांना दिलेला असल्यामुळे व्हीलचेअरवरचा म्हातारा आणि मागे चार माणसं बघून त्यांना तसं वाटलं असणार. अप्पा म्हणाले, "अंपायरिंगची फी वाढवून द्या म्हणून बसायचंय." आईला घाम फुटला होता, आणि हे आपले विनोद करतायत!

खरी पंचाईत पायवाट सोडल्यावर झाली. रात्रभर पडून गेला होता. खुर्चीची पुढची चाकं दहा पावलांतच चिखलात रुतली. दादा म्हणाला, उचलूनच नेऊ. उचलून न्यायचं म्हटलं की अप्पांचा चेहरा कसा होतो ते आम्हाला माहीत आहे, म्हणून कोणी पुढे होईना. तेवढ्यात तुम्ही टेंटमागून आलात, खांद्यावर काथ्याच्या जुन्या मॅटिंगची गुंडाळी घेऊन. ती चिखलावर उलगडलीत, खुर्ची वर घेतलीत, पुढे ढकललीत, मागचा तुकडा ओढून पुढे घातलात, पुन्हा तेच. टेंटपर्यंत असंच. मधे एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या स्लिपला खेटून उभा होता. त्या दोघांच्या मधून अप्पांची स्वारी गेली तेव्हा दोन्ही मॅचेस थांबल्या. 22 खेळपट्ट्या एका मैदानात कोंबल्या की असंच व्हायचं, पण अप्पांना तो मानच वाटला. त्यांनी हात वर करून "प्ले" म्हटलं.

खुर्ची टेंटच्या कडेला लावताना तुम्ही आधाराला त्यांचा डावा हात धरू गेलात. अप्पा म्हणाले, "हा नको, यात मशीन लावतात." त्यानंतर दिवसभर तुम्ही प्रत्येक वेळी वळसा घालून उजव्या बाजूने आलात. चहा देताना, छत्री धरताना, ताडपत्रीतून पाणी गळायला लागल्यावर खुर्ची सरकवतानासुद्धा. आमच्या नात्यातल्या माणसांना हे अजून दर वेळी सांगावं लागतं.

पण आभार मुख्यतः मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. आमच्या घरात अप्पांना आता एकाच तऱ्हेचे प्रश्न विचारले जातात. पाणी किती झालं, गोळी घेतली का, पाय सुजलेत का. तुम्ही पिचवर जाऊन आलात, मातीने भरलेला अंगठा त्यांच्यापुढे धरलात आणि विचारलंत, "अंपायरसाहेब, एवढा रुततोय. कधी सुरू होईल हो?"

अप्पांनी तुमच्या अंगठ्यावरची माती दोन बोटांत घेतली. चोळली. नाकाशी नेली. मग आभाळाकडे नाही, समोरच्या झाडांकडे बघितलं, वारा कुठून आहे ते. आणि ज्या आवाजात ते पूर्वी आम्हाला प्रगतिपुस्तकावर सही देत त्या आवाजात म्हणाले, "साडेबाराच्या आधी नाही. वरून सुकलेली दिसेल, आत ओल आहे. बोलर फॉलो-थ्रूमध्ये घसरेल." तुम्ही मान डोलावलीत आणि रोलरकडे गेलात.

मॅच पावणेबारालाच सुरू झाली आणि कोणी घसरलंही नाही. अप्पा जरा हिरमुसले. "आजकाल अंपायरांना घाई फार," एवढं बोलून गप्प झाले. तुम्ही मागून म्हणालात, "साहेब, मी लाकडाचा भुसा टाकला ना, तुम्ही सांगितलंत म्हणून." भुसा तुम्ही तसाही टाकला असता, हे त्यांनाही कळलं असणार. पण त्यांनी ते मान्य करून टाकलं.

मग तुम्हा दोघांचं जे काही सुरू झालं त्यात आम्हाला जागाच नव्हती. ऑफस्पिनरचं एक जोरदार अपील झालं, सगळे नाचायला लागले, अंपायरने मान हलवली. अप्पा म्हणाले, "बरोबर. लेगच्या बाहेर टप्पा." तुम्ही म्हणालात, "साहेब, आपण मिडविकेटला बसलोय. इथून टप्पा दिसला?" त्यावर अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आई बॅगेतून बीपीचं मशीन काढायला लागली. नंतर मात्र तुम्ही त्यांना प्रत्येक अपीलला आधी निर्णय द्यायला लावलात. किती बरोबर आले ते आम्ही मोजलं नाही आणि तुम्ही दोघांनी कबूल केलं नाही.

शहाळं तुम्ही आणून ठेवलंच होतं, फोडलेलं. शहाळ्यातलं पोटॅशियम अप्पांना चालत नाही हे दादाने सांगितलं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. "एवढ्याशाने काही होत नाही" हे आम्ही फार ऐकलंय. तुम्ही ते मला दिलंत आणि अप्पांना अर्धं कटिंग, तेही विचारून. मंगळवारी सेंटरवर वजन केलं तेव्हा पाणी मर्यादेतच भरलं होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. डायलिसिसच्या त्या चार तासांत टेक्निशियनला अप्पांकडून पूर्ण मॅच ऐकावी लागली. त्याला क्रिकेटची आवड नाही, तो बॅडमिंटनवाला आहे.

निघताना दादाने तुमच्या हातात काही ठेवायचा प्रयत्न केला तो तुम्ही परतवलात. मॅटिंग मात्र चिखलाने भरून गेलं होतं, आणि ते धुवायचं काम तुमच्याच अंगावर आलं. त्याबद्दल वेगळे आभार.

अप्पांचा एक निरोप आहे, शब्दशः देते, कारण मी नाही दिला तर ते स्वतः फोन करतील. रस्त्याकडच्या टोकाला, बोलरच्या पावलांच्या जागी, पिच खोलगट झालंय. नुसती माती टाकून भागणार नाही, खणून भर घाला, पाणी मारा आणि दाबून घ्या. पुढच्या पावसाळ्यात ते स्वतः तपासायला येणार आहेत.

आपली,
अंपायरसाहेबांची नात
डोंबिवली