धूळ काही लहान होत नाही

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ‘घरात जागा नाही, सगळ्यांत छोटी मॉडेल रेल्वेगाडी कुठली ते सांग’ हे वाचून हसू आलं. मीही असाच सुरू झालो होतो. सगळ्यांत छोटी घेऊ नकोस! १९७२ मध्ये आलेलं झेड स्केल १:२२० चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या २२० पट लहान, आणि तेही सगळ्यांत छोटं नाही. दिसायला गोजिरवाणं, पण डबा रुळावर चढवताना श्वास रोखावा लागतो. तू एन घे.

एन म्हणजे इंग्रजी ‘नाईन’, नऊ, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. स्केल आणि गेज यांत मात्र घोळ घालू नकोस, मी घातला होता. स्केल म्हणजे गाडी किती पट लहान, गेज म्हणजे रुळांमधलं अंतर. एन साधारणपणे १:१६०, पण ब्रिटिश मॉडेलं १:१४८ आणि बरीचशी जपानी १:१५०. धावतात सगळी त्याच ९ मिलिमीटरवर. शेजारी उभी केलीस की डोळ्यांना खटकतात, एवढंच.

आता खरं दुखणं. इंजिन १६० पट लहान झालं की वजन १६० पट नाही, चाळीस लाख पटींनी घटतं. शंभर टनी इंजिन हिशेबानं जेमतेम २४ ग्रॅमचं! म्हणून कंपन्या आत धातूचा ठोकळा भरतात. तरीही चाकं रुळावर हलकीच टेकतात, आणि वीज तर त्याच चाकांतून वर चढते. धूळ मात्र लहान होत नाही. माझं इंजिन दर फेरीला सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फाटा निघतो तिथे, अडायचं. मोटर बिघडली समजून मी ते उघडलं, एक तार तोडली, आठवडाभर हळहळलो. शेवटी भिंगाखाली पाहिलं, तर आसाला केस गुंडाळलेला आणि चाकांवर काळा थर. सांध्यात रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लॅस्टिकचा होता. तेवढ्या जागेत उरलेल्या मळक्या चाकांना वीजच मिळत नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं आणि गाडी सुटली. सॅंडपेपर अजिबात लावू नकोस, ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

पहिलं इंजिन सगळ्या चाकांतून वीज घेणारं बघ. आणि दामटू नकोस रे, ताशी ८० किलोमीटर म्हणजे आपल्या रुळावर सेकंदाला फक्त १४ सेंटीमीटर.

टेबलाची रुंदी मोजून कळव. फारच कमी असली, तर गोल वळवायचा नाद सोडून सरळ यार्डच, म्हणजे डबे लावायचे शेजारी-शेजारी रूळच, आखू.

तुझा,
अविनाश