बोलीवरून सापडले कुटुंब

महोदय,

सागरी जीवांच्या अभ्यासाविषयी लिहिताना उपग्रह आणि कॅमेरे यांचा उल्लेख हमखास होतो, पण पाण्याखाली कान लावून बसणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते, म्हणून हे पत्र. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हॅन्सन बेटावर संशोधक पॉल स्पाँग यांनी १९७० साली सुरू केलेल्या ‘ऑर्कालॅब’मध्ये पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनमधून (पाण्याखालच्या मायक्रोफोनमधून) ऑर्कांचे, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातील ‘किलर व्हेल’चे, आवाज टिपले जातात. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तिथल्या मासेखाऊ ऑर्कांच्याही प्रत्येक समूहाची बोली वेगळी असते आणि पिल्ले ती घरातच शिकतात, त्यामुळे दाट धुक्यातही कोणते कुटुंब जवळून चालले आहे, हे जाणकार नुसते ऐकून सांगू शकतात.

२००२च्या जानेवारीत सिएटलजवळ, फेरीबोटींच्या वाटेवर, ‘स्प्रिंगर’ हे जेमतेम दोन वर्षांचे मादी पिल्लू आजारी आणि एकटेच आढळले. त्याच्या हाका ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिल्यावर ते शेकडो किलोमीटर उत्तरेकडच्या ‘ए४’ समूहातले असल्याचे कळले. उपचारानंतर त्याच उन्हाळ्यात त्याला बोटीने हॅन्सन बेटाजवळ नेऊन सोडण्यात आले. पुढे ते आप्तांमध्ये मिसळले आणि २०१३ साली स्प्रिंगर स्वतःच्या पिल्लासह दिसली. ही हकिगत वाचताना आजही माझे मन भरून येते.

मात्र जहाजांच्या पंख्यांच्या गोंगाटात या हाका बुडतात आणि सॅल्मन मासे शोधण्यासाठी ऑर्का काढत असलेल्या टिकटिक ध्वनींचा प्रतिध्वनीही हरवतो. जहाजांनी वेग कमी केला की हा गोंगाट घटतो. तेव्हा ऑर्कांच्या अधिवासात वेगमर्यादा ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावी, असे मला मनापासून वाटते.

– एक वाचक, दापोली