किरमिजी म्हणजे जांभळा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साड्यांच्या जाहिराती, फॅशनवरचे लेख आणि अनुवादित मजकूर यांत ‘किरमिजी’ हा शब्द हल्ली वांगी रंगापासून मरूनपर्यंत कुठल्याही गडद छटेला चिकटवलेला दिसतो. शिवाय इंग्रजीतला ‘क्रिमझन’ संस्कृत ‘कृमिज’वरून आला, असेही अधूनमधून छापले जाते. पहिली गोष्ट सरळ चूक, दुसरी अर्धवट बरोबर. दोन्हींचा उलगडा एका किड्यापाशी होतो.

भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत काटेरी पानांचा एक बुटका ओक वाढतो. त्याच्या डहाळ्यांवर केर्मिस नावाच्या किड्याच्या माद्या चिकटून बसतात. अंड्यांनी भरलेल्या या माद्या खरवडून वाळवल्या की त्यांच्यापासून लाल रंग मिळतो. वाळल्यावर त्या हुबेहूब धान्याच्या दाण्यासारख्या दिसतात, आणि ग्रीक लोकांनी त्यांना ‘कोक्कोस’ म्हणजे दाणाच म्हटले. आजच्या ग्रीकमध्ये लाल म्हणजे ‘कोक्किनोस’. लॅटिन ‘कोक्कुम’मार्गे तोच दाणा वेल्श भाषेत ‘कोख’ झाला. तिथेही अर्थ साधा लाल. इंग्रजीत मुरलेल्या सवयीला ‘इनग्रेन्ड’ म्हणतात तेही या दाण्यावरूनच, कारण ‘ग्रेन’मध्ये रंगवलेले कापड पक्क्या रंगाचे असे.

हा दाणा नसून किडा आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनी वेगळे नाव दिले. लॅटिनमध्ये किडा म्हणजे ‘वेर्मिस’ आणि छोटा किडा म्हणजे ‘वेर्मिकुलुस’. त्यावरून पोर्तुगीज ‘व्हर्मेल्यु’ आणि कातालान ‘वर्मेल्’, दोन्हींचा अर्थ लाल. गोव्यातल्या जुन्या पिढीला पोर्तुगीज शब्द ओळखीचा असेल, त्यातला किडा मात्र बहुधा नसेल. इटालियन ‘वर्मिचेल्ली’ म्हणजेही छोटे किडेच. शेवयांना हे नाव आपण दिले नाही, एवढे बरे. इंग्रजी ‘व्हर्मिलियन’ याच घराण्यातला, पण त्याने घर बदलले. आज तो किड्याचा रंग नसून पाऱ्याच्या सल्फाइडचा, म्हणजे आपल्या हिंगुळाचा, किंचित नारिंगीकडे झुकणारा लाल आहे. त्याचे भाषांतर ‘किरमिजी’ करू नये.

स्लाव्ह लोकांचा किडा निराळा. पोलंड-युक्रेनच्या वालुकामय माळरानावर एका लहान झुडपाच्या मुळाशी तो सापडे, आणि २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास मुळे उपटून तो वेचत. पोलिश ‘चेर्व्होनी’, चेक ‘चेर्वेनी’, युक्रेनियन ‘चेर्व्होनी’ हे लाल रंगाचे शब्द ‘चेर्व’ म्हणजे किडा यावरून आले. जून महिन्याचे पोलिश नाव ‘चेर्व्हिएत्स’ आणि चेक नाव ‘चेर्वेन’ याच शब्दकुळातले. रशियनांनी मात्र वाट बदलली: त्यांचा ‘क्रास्नी’ मूळचा ‘सुंदर’ या अर्थाचा. मॉस्कोच्या लाल चौकाच्या नावाचा मूळ अर्थ ‘सुंदर चौक’. क्रांतीच्या लाल रंगाशी त्याचा संबंध नाही.

आता ‘क्रिमझन’. फारसीत किडा म्हणजे ‘किर्म’. त्याच्याशी जोडलेला अरबी ‘किर्मिझ’ हे रंग देणाऱ्या किड्याचे नाव, आणि ‘किर्मिझी’ त्याचा रंग. हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि स्पॅनिश ‘कार्मेसी’, इटालियन ‘क्रेमिझी’, फ्रेंच ‘क्रामवाझी’, इंग्रजी ‘क्रिमझन’ झाला. तुर्कीत ‘किर्मिझी’ म्हणजे साधा लाल. पूर्वेकडे तोच फारसीतून मराठीत ‘किरमिजी’ म्हणून उतरला. अनेक कोशांत ‘कृमिज’चा उल्लेख असतो हे खरे. पण किड्यासाठी शब्द उसना घ्यायची फारसीला गरज नव्हती. ‘कृमि’ आणि ‘किर्म’ एकाच इंडो-इराणी घरातल्या बहिणी आहेत. म्हणजे संस्कृत ही ‘क्रिमझन’ची आई नव्हे, मावशी. आणि इंग्रजी ‘वर्म’ किंवा लॅटिन ‘वेर्मिस’ ऐकायला ‘कृमि’सारखे वाटले तरी त्यांचा धातू वेगळा, तिथे फक्त यमक जुळते.

राहिला जांभळ्याचा गोंधळ. सोळाव्या शतकात मेक्सिकोतून निवडुंगावरचा कोचिनिल किडा युरोपात पोचला. त्यात रंगद्रव्य केर्मिसच्या कितीतरी पट असल्याने जुना किडा बाजारातून मागे पडला, नाव मात्र टिकले. आजही रंगारी १०० ग्रॅम लोकर १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात ८०-८५ अंश सेल्सियसवर तासभर ठेवतात, मग वाळलेल्या कोचिनिलची ५ ते १० ग्रॅम पूड उकळून गाळलेल्या पाण्यात रंगवतात. निघतो तो खरा किरमिजी: निळ्याकडे किंचित झुकलेला, पण निःसंशय लाल. तुरटीऐवजी कथिलाचा क्षार वापरला तर भडक शेंदरीकडे जाणारा लाल येतो. पाणी क्षारयुक्त असले, भांडे लोखंडी असले किंवा विहिरीच्या पाण्यात लोह असले, तर तोच रंग जांभळट, मळकट होतो. म्हणून भांडे स्टीलचे घ्यावे लागते. छापील मजकुरातला जांभळा ‘किरमिजी’ म्हणजे रंगाऱ्याच्या लेखी बिघडलेला घाणा.

या किड्याच्या लोभाने १७९५ साली ब्राझीलमधून तो भारतातही आणला गेला. पण आला तो हलका जातभाई. रंग निकृष्ट निघाला आणि किड्याने फड्या निवडुंगाची एक जात मात्र फस्त करून टाकली.

हा रंग आजही वापरात आहे. परदेशी खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘ई १२०’ आणि लिपस्टिकवर ‘सीआय ७५४७०’ असे लिहिलेले असेल, तर तो कोचिनिलचाच. कडक शाकाहार पाळणाऱ्या वाचकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आपला,
एक वाचक