चुकांच्या वहीबद्दल, बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता असं चारचौघांत लिहितेय. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून. शिवाय मये-डिचोलीकडची तुमची दहा-बारा मुलं तरी हे वाचतील, आणि ती वही त्यांनाही आठवत असेल.

थायलंडहून परत आले. बी.एड.च्या सरावपाठांसाठी आठ आठवडे होते, नाखोन पाथोमजवळच्या एका सरकारी शाळेत, पाचवीला इंग्रजी शिकवायला. आल्यापासून जो तो समुद्राबद्दल विचारतोय. थायलंड म्हटल्यावर बाकीच्यांना फक्त बीच आठवला तर एक वेळ ठीक, गोव्याच्या माणसाने तरी तसं करू नये.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, मग बूट दाराबाहेर काढून वर्गात. मी आत शिरले की अडतीस मुलं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग, टीचर". मी "हाउ आर यू" म्हटलं की त्याच सुरात "आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" त्यापुढे काहीही विचारलं की अडतीस माना वहीत. इंग्रजी त्यांना पहिलीपासून आहे. व्याकरणाचे रकाने बिनचूक भरतात, पण तोंड उघडत नाहीत. चाळीस मिनिटांचा माझा लेसन प्लॅन बारा मिनिटांत संपला, आणि मागे बसलेल्या तिथल्या शिक्षिका वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

त्यात तो बॉल. तिकडे प्रत्येकाला एक टोपणनाव असतं, याचं बॉल. पण थाई बोलण्यात शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. फुटबॉलचा 'फुटबॉन', स्कूलचं 'सकून'. बसचा 'स' जाऊन 'बट' उरतो. मी जीभ टाळूला लावून स्वच्छ "बॉल" म्हणून हाक मारायची आणि हा खिडकीबाहेर बघत बसायचा. मला वाटलं, मुद्दाम करतोय. तसं त्याचं नाव शिक्षिकांना सांगूनही झालं. त्याची अजून लाज वाटते.

त्या रात्री तुम्हाला फोन केला. माझ्याकडे नऊ वाजलेले, तुमच्याकडे साडेसात. मागे सांजवातीच्या वेळची घंटा ऐकू येत होती. "कितें जालें गो?" म्हणालात, आणि मी रडायलाच लागले. सगळं ऐकून घेतल्यावर तुम्ही दोनच गोष्टी म्हणालात. एक, "नाव त्याचं, उच्चार त्याचा. तू बॉन म्हण." दुसरी, "चुकांची वही कुणाची चाललीय तिथे? त्यांची? आधी तुझी काढ."

वहीबद्दल इथे वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. चौथीपर्यंत आम्ही मराठी शाळेतले. पाचवीत हायस्कुलात गेलो तर विज्ञान, भूगोल, गणित, सगळं एकदम इंग्रजीत. "अंडरस्टूड?" विचारलं की सगळे "यस". मला त्या 'अंडरस्टूड'चा अर्थही कळला नव्हता. तेव्हा बाईंनी आम्हा सात-आठ जणांना संध्याकाळी आपल्या सोप्यावर बसवायला सुरुवात केली. फी नव्हती, नियम एकच: रोज एक नवी चूक घेऊन यायची. ती खोडायची नाही. तारीख घालून लिहायची, शेजारी बरोबर वाक्य लिहायचं, तीच पुन्हा झाली तर एक उभी रेघ. 'ही डोन्ट'पुढे माझ्या चौदा रेघा आहेत. ज्याच्याकडे चूक नसेल त्याला बाई विचारायच्या, "म्हणजे आज तू बोललीच नाहीस?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी घोडा काढला आणि थाईत म्हटलं, "मा." थाईत सूर बदलला की अर्थ बदलतो. सपाट 'मा' म्हणजे येणे, उंच सुरात घोडा, आणि खालून वर चढवत नेला तर कुत्रा. मी अर्थातच चढवत नेला. वर्ग खदखदून हसला. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा कुत्रा. मग तिसऱ्या रांगेतून बॉन उठला, फळ्याजवळ आला, घोड्यावर बोट ठेवलं आणि हात हवेत उंच धरून मला सूर दाखवला. "टीचर, नो. डॉग, नो. दिस... हॉर्स." मी तारीख घालून फळ्यावर माझी चूक लिहिली, शेजारी त्याने बरोबर शब्द लिहिला. तास संपेपर्यंत माझ्या नावावर सहा रेघा झाल्या होत्या, आणि पोरं रेघ मारायला भांडत होती, तीही इंग्रजीत: "मी, टीचर! मी!"

त्यानंतर त्यांनी वह्या केल्या. "यस्टरडे आय गो मार्केट" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत आहे. त्यांच्या भाषेत 'काल' म्हटलं की काम भागतं, क्रियापदाला कुणी हात लावत नाही. हे कळल्यावर ती चूक मला चूकच वाटेनाशी झाली. तरी रेघा मारल्या. नियम म्हणजे नियम.

जूनमधल्या एका गुरुवारी तिथे 'वाय ख्रू' झालं, गुरूंना नमस्कार करण्याचा दिवस. 'ख्रू' म्हणजे आपला गुरूच, आणि त्यांच्या गुरुवारचं नाव बृहस्पतीवरून आलेलं. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांची सजावट हातात देतात. तीत वांग्याचं फूल, मान खाली घातलेलं, नम्रतेचं. इक्झोराच्या फुलाची टोकदार कळी, बुद्धी तशी व्हावी म्हणून. आणि दूर्वा. होय बाई, आपल्या गणपतीच्या दूर्वा! तुडवली तरी पुन्हा फुटते, विद्याही तशी वाढावी म्हणून. बॉनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे चुकीच्या पत्त्यावर आलंय.

परवा चवथीसाठी परड्यात दूर्वा खुडताना आई म्हणाली, हातात घेऊन बसलीस काय, निवड. त्यातली एक जुडी तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. वांग्याला आमच्याकडे अजून फूल नाही. रविवारी सकाळच्या कदंबा बसने येते. बॉनची वही त्याने मला देऊन टाकलीय, ती दाखवायची आहे. शेवटच्या पानावर त्याने माझं नाव लिहिलंय, आणि ते चुकलंय.

तुमची,
'ही डोन्ट'वाली