उधमबाईला एका ओळीत निकालात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पानिपतपूर्व दिल्लीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. पण उधमबाईला त्यात एका ओळीत निकालात काढलं आहे: नाचणारी बाई आली आणि बादशाही बुडाली. हे पटलं नाही, म्हणून लिहितो आहे.

उधमबाई कलावंतीण म्हणून मुघल बादशहा मुहम्मदशहाच्या महालात आली. १७४८ साली तो वारला, तिचा मुलगा अहमदशहा तख्तावर बसला आणि ती 'नवाब कुदसिया' झाली. ५०,००० ची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, मिळाली. अधिकारी तिच्या ड्योढीवर येऊन बसत, ती पडद्याआडून बोले. जनानखान्याचा खोजा जावेदखान तिचा उजवा हात. तिने पैसा उधळला, भटक्या गवई भावाला मनसबदार केलं, हे खरंच आहे. पगार थकले तेव्हा शिपायांनी राजवाड्याच्या दारात एक गाढव आणि एक कुत्री बांधली आणि येणाऱ्या सरदारांना बजावलं, आधी यांना मुजरा करा. हे गाढव म्हणजे जावेदखान, ही कुत्री म्हणजे कुदसिया. वाचताना आजही पोटात कालवतं. शिपाई उपाशी होते, त्यांचा राग मी समजू शकतो. पण खजिना नादिरशहाने १७३९ मध्येच धुऊन नेला होता, सुभ्यांकडून वसूल येत नव्हता. त्याचं खापर एकट्या बाईच्या डोक्यावर कसं फोडायचं?

आणि यात आपणही आहोत. १७५२ मध्ये बादशहाचा वजीर सफदरजंग याच्याशी झालेल्या करारात मराठ्यांनी ५० लाखांच्या बदल्यात बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली. १७५४ च्या मार्चात जाटांच्या कुंभेरी किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. मे महिन्यात त्यांचे वडील मल्हारराव सिकंदराबादेच्या बादशाही छावणीवर चालून गेले. अहमदशहा आईला आणि मोजक्या माणसांना घेऊन दिल्लीला पळाला, बाकीच्या बेगमा मागेच राहिल्या. २ जूनला होळकरांच्या पाठबळावर दरबारातला सरदार इमाद-उल-मुल्क वजीर झाला. त्याने बादशहाला तख्तावरून खाली खेचलं, माय-लेकांना कैदेत टाकलं आणि दोघांनाही आंधळं केलं. हमी देऊन दोनच वर्षं झाली होती. ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

गेल्या हिवाळ्यात मी तिने बांधलेल्या दिल्लीतल्या कुदसिया बागेत गेलो होतो. १८५७ च्या लढाईत महाल उद्ध्वस्त झाला. पश्चिमेचा उंच दरवाजा आणि मशीद उरली आहे. दरवाजाचा गिलावा गळून आतल्या पातळ विटा दिसतात. शेजारीच आंतरराज्य बसस्थानक, त्यामुळे बसच्या हॉर्नचा गलका सतत कानावर. एवढ्या मोठ्या बागेत मराठी बोलणारा मी एकटाच होतो. आपल्याकडच्या सहली लाल किल्ला दाखवून पुढे निघून जातात. ही बाग कश्मिरी गेट मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पुरवणीत एकदा या बागेवर, छायाचित्रासह, सविस्तर लेख छापावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे